इवायापेक्षा तीन फूट लांब

शेषेरावांना आयुष्यात कुणावर जळायची वेळ फारशी आली नव्हती. ज्याच्याकडं पाहून जळावं असा माणूसच त्यांना पंचक्रोशीत कधी दिसला नाही. लोह्यापासून चार कोसांवर बावीस एकर काळी जमीन, धरणाचं पाणी थेट धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागलेलं, एकशे दहा किलोचा देह, आणि मोटरीच्या बाबतीत तर ते मास्तरच. पाइप किती लांब आणि चढ किती, एवढं विचारलं की कुणाच्या विहिरीला तीन एचपी लागेल आणि कुणाच्या बोअरला साडेसात, हे ते जागच्या जागी सांगत. लोक दुकानदाराचं ऐकत नसत, शेषेरावांचं ऐकत. अशा माणसावर बासष्टाव्या वर्षी जळायची पाळी आली, आणि ती आणली त्यांच्या व्याह्यानं, तिकडच्या बोलीत इवायानं, मुरुडच्या बसवंतरावांनी.

व्याही म्हणजे सुनेचा बाप. आपल्याकडं मुलाच्या बापाचा मान काय असतो ते कुणाला सांगायला नको. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी बसवंतराव शेषेरावांच्या घरी खुर्चीच्या कडेवरच बसत आणि शेषेरावांनी कप उचलल्याशिवाय आपल्या चहाला हात लावत नसत. वाळकुडा माणूस, पंचावन्न किलो भरला तरी खूप. लातूरकडं इरिगेशनमध्ये नोकरी करून रिटायर झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक पुनम, ती शेषेरावांच्या बजरंगला दिलेली, दोघं पुण्याला. मुरुडच्या घरात बसवंतराव एकटे. शेषेरावांना त्यांची कीव यायची, आणि कीव करायला त्यांना बरंही वाटायचं.

मग बसवंतरावांनी बोट घेतली.

रिटायर झालेल्या माणसानं फंडाच्या पैशातून काय घ्यावं याचे आपल्याकडं ठरलेले मार्ग आहेत. प्लॉट घ्यावा, नातीच्या नावानं एफडी करावी, फार तर चारधाम करावं. या गृहस्थानं बोट घेतली, परवानगीचे कागद केले आणि मांजरा धरणावर नेऊन ठेवली. शेषेरावांनी ऐकलं तेव्हा ते अर्धा तास हसले. ज्या लातूरला रेल्वेनं पाणी प्यायला आणावं लागलं, तिथला माणूस बोट घेतो, असं त्यांनी पारावर चारचौघांत दोन-तीनदा सांगितलं. पण पुण्याहून नातीचा व्हिडिओ आला आणि त्यांचं हसणं बंद झालं.

नात म्हणजे ईश्वरी, बारा वर्षांची. व्हिडिओत ती दोन फळ्यांवर उभी होती, हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक पळत्या बोटीला, आणि पाणी कापत पोरगी चालली होती. तोंडभर हसत होती. बोट चालवणारे बसवंतराव मधूनमधून दिसत, डोक्याला टोपी, डोळ्याला काळा चष्मा. शेषेरावांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. नातीकडं पाहिलं ते पहिल्या वेळी. उरलेल्या दहा वेळा त्यांची नजर काळ्या चष्म्यावर होती.

पोरगी आपल्याकडं पाहून असं कधी हसल्याचं त्यांना आठवेना. ती यायची, आबा म्हणून पाया पडायची, दोन दिवस नेटवर्क शोधत गच्चीवर फिरायची आणि मग अण्णांकडं कधी जायचं म्हणून आईच्या मागं लागायची. अण्णा म्हणजे बसवंतराव. उन्हाळ्यात लेकरं आजोळी जातात, त्याला कोण ना म्हणेल? पण आता दिवाळीही तिकडंच सरकायला लागली होती. पुनमला भाऊ नाही, म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बसवंतराव स्वतःच मुराळी होऊन लेकीला न्यायला यायचे. गेल्या दोन वर्षांत ईश्वरी त्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली होती. जाताना तिनं मागं वळून हातसुद्धा केला नाही, हे शेषेरावांनी कुणाला सांगितलं नाही. पण ते खुपत राहिलं.

एकदा लातूरला लग्नाला गेले असताना ते मुद्दाम वाट वाकडी करून धरणावर गेले. काठाला बोट बांधलेली होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी पायाला पाय लावत ती मोजली. सोळा भरली. मागच्या इंजिनावर साठचा आकडा होता, तो वाचून त्यांना फार दिवसांनी गार वाटलं. एवढ्याशा बोटीला साठ एचपी? दुकानदारानं इवायाला उभा लुटला. इकडं पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढतो आणि हा माणूस तीस-पस्तीस किलोची पोर ओढायला साठ घेतो! परतीच्या वाटेवर बोट घ्यायचं त्यांच्या मनात पक्कं झालं होतं.

हैदराबादचा दुकानदार भला माणूस होता. त्यानं आधी दोनच गोष्टी विचारल्या, बोटीत नेहमी किती माणसं बसणार आणि मागं काय ओढायचं. शेषेरावांनी सांगितलं, बोट सोळा फुटांपेक्षा मोठी पाहिजे. तो म्हणाला, ते ठीक, पण माणसं किती? ते म्हणाले, पुष्कळ, आणि मागं फळ्यांवर उभी नात. त्यानं मग एकोणीस फुटांची, दहा जणांची ॲल्युमिनियमची बोट दाखवली आणि दहा जण बसवून स्कीवर पोर ओढायची तर निदान नव्वदचं इंजिन लावा असं बजावलं. शेषेरावांनी त्याच्याकडं पाहून हलकेच स्मित केलं. पाचची मोटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात साडेसातची मारणारे दुकानदार त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी त्याला विहिरीचं गणित समजावून सांगितलं. साडेसात एचपी दोन हजार फूट पाइपातून पाणी माळावर चढवते, मग चाळीस एचपी पोरीला ओढायला म्हणजे उलट जास्तच झाली. शिवाय इंजिन मागं असतं, लांबी सगळ्यांना दिसते, हेही त्यांच्या मनात होतं. ते मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुकानदारानं शेवटचा उपाय म्हणून विचारलं, तुमच्या ओळखीत कुणाकडं बोट असेल तर त्यांना एकदा फोन करून विचारा. फोन खिशात होता आणि नंबरही होता. पण मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला विचारायचं? चाळीसचंच बांधा, शेषेराव म्हणाले.

दसऱ्याला ट्रॅक्टर, विळे, कुऱ्हाडी यांच्या रांगेत बोटीचीही पूजा झाली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. गाव पाहायला लोटलं. बाहेरगावाहून माणूस बोलावून शेषेराव आठवडाभर चालवायला शिकले. एकटे-दुकटे असले की बोट बरी पळायची, त्यामुळं त्यांना शंकाच आली नाही. बायको केवळाबाई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की बोट पोरीसाठी घेतली की इवायासाठी, ते एकदा ठरवा.

दिवाळीला पोरं आली. बोट पाहून ईश्वरी खरंच उड्या मारायला लागली आणि शेषेरावांचा जीव सुपाएवढा झाला. आबा, ही तर अण्णांच्या बोटीपेक्षा मोठी आहे, हे वाक्य तिनं आपणहून उच्चारलं. त्यांनी ते तिच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. तीन फूट मोठी, त्यांनी सांगितलं. या वर्षी मुरुडला न जाता सगळी सुट्टी इथंच राहशील ना, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, आधी स्की करून बघू. तिला लगेच पाण्यात उतरायचं होतं. पण शेषेरावांनी तिला पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं. त्या दिवशी बसवंतराव येणार होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पोर फळ्यांवर उठली पाहिजे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. पोरगी उठली की ती जाणार नाही. मुराळ्यानं यावं आणि नुसत्या लेकीला घेऊन जावं.

बसवंतराव सकाळी नऊला आले. शेषेरावांनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही, थेट पाण्यावर नेलं. बोटीत आधीच भावकी बसली होती. दोन चुलत भाऊ, त्यांच्या बायका, सोसायटीचे चेअरमन, शेजारचा गुंडप्पा. सगळ्यांच्या अंगावर नवी कोरी लाइफ जॅकेटं. शेषेराव, बजरंग, पुनम आणि बसवंतराव धरून बरोबर दहा भरले. ईश्वरी फळ्या पायात चढवून पाण्यात बसली होती.

बसवंतरावांनी बोटीवरून एकदा पुढून मागं नजर फिरवली. इंजिनाशी येऊन ती थांबली. मग त्यांनी माणसं मोजली. तोंड उघडलं आणि मिटलं. शेषेरावांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. जळला, त्यांना वाटलं. हाच तो क्षण होता, ज्यासाठी त्यांनी दोन वर्षं कळ काढली होती.

त्यांनी इंजिन पूर्ण सोडलं. आवाज झाला, धूर झाला. बोटीचं नाक वर गेलं, बूड खाली बसलं आणि बोट गाभण म्हशीसारखी पाणी ढकलत निघाली. दोरी ताणली. ईश्वरी फूटभर वर आली, पुन्हा खाली बसली आणि छातीएवढ्या पाण्यातून फरफटत राहिली. शेवटी तिनं दोरी सोडली. बोट वळवून आणायलाच पाच मिनिटं गेली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळी पोरीच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खोकायला लागली. काठावर जमलेल्या लोकांची कुजबुज सुरू झाली. चेअरमन म्हणाले, इंजिनात कचरा असंल. गुंडप्पा हसू दाबत दुसरीकडं बघत होता. शेषेरावांना हे सगळं चाललं असतं. पण पाण्यातून पोरगी ओरडून म्हणाली, "आबा, बोट मस्त आहे. माझंच चुकतंय. मी पाय नीट धरत नाहीये."

ती खोटं बोलत होती. मांजरावर दोन वर्षं उभी राहणारी पोर पाय धरायला विसरत नसते. आज्याची लाज राखायला बारा वर्षांची नात भरल्या गावासमोर आपल्या अंगावर चूक घेत होती. शेषेरावांना आत काहीतरी कापत गेलं. जळण्यात निदान ऊब असते, यात तीही नव्हती.

तेव्हा बसवंतराव त्यांच्या कानाशी आले. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "इवाई, राग मानू नका. मोटर चांगली हाय. पण बोट आधी सोता पाण्यावर चढाया पायजे, मग पोरगी चढंल. ओढाया जोर लागत न्हाई, उठवाया लागतो. माणसं उतरवा."

"तुम्हाला बघताक्षणी कळलं व्हतं?"

बसवंतराव खाली बघून म्हणाले, "हाव."

"मग बोलला का न्हाई?"

बसवंतरावांनी जॅकेटचा बंद उगाच पुन्हा आवळला. उत्तर द्यायची गरजही नव्हती. लेकीच्या सासऱ्याची चूक दहा माणसांत कशी काढायची? तेरा वर्षं शेषेरावांनी जो मान घेतला होता, तोच आज त्यांना आडवा आला होता. हे त्यांना उमजलं, आणि उमजलं म्हणून राग कमी झाला असंही नाही. उलट वाढला.

भावकी उतरली. बजरंग आणि पुनमही उतरले. बोटीत शेषेराव चालवायला आणि बसवंतराव मागं तोंड करून बसलेले, कारण मागं ओढल्या जाणाऱ्या पोरीवर एकाला लक्ष ठेवावंच लागतं. या वेळी बोट खरंच हलकी झाली. नाक खाली येऊ लागलं. ईश्वरी गुडघ्यांवर आली, अर्धी उठली, आणि आता उठली असं वाटत असतानाच मागं कलंडली. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. थोडक्यात हुकत होतं.

बसवंतराव लगेच म्हणाले, मी उतरतो, माझ्या जागी विहीणबाईंना बसवा. केवळाबाई काठावर तयारच होत्या, त्यांचं वजन पंचेचाळीसच्या वर नाही.

शेषेरावांनी मनात बेरीज केली. शेवटी ते मोटरीचे मास्तर होते, बेरीज त्यांना टाळता येत नव्हती. ते आणि केवळाबाई म्हणजे एकशे पंचावन्न. आत्ता होते एकशे पासष्ट. दहा किलोनं काय होणार? बसवंतराव आणि केवळाबाई म्हणजे शंभर. पासष्ट किलोचा फरक पडत होता, आणि तो पाडायचा तर एकच माणूस बोटीतून उतरायला हवा होता. बसवंतरावांनाही हे कळत होतं. पण ते मेले तरी बोलले नसते. ते जॅकेटचे बंद सोडत, उतरायच्या तयारीत उभे होते.

पाण्यात ईश्वरीचे ओठ निळे पडायला लागले होते. आता राहू द्या म्हणायची सोय होती. थंडी फार आहे, उद्या बघू, असं म्हणता आलं असतं. उद्या बसवंतराव नसते, पण मग ईश्वरीही नसती.

"बसा तुम्ही," शेषेराव म्हणाले आणि बोटीतून उतरले. त्यांचा पाय निघताच बोट बोटभर वर आली. सगळ्यांना ते दिसलं. गुडघाभर पाण्यातून ते काठाकडं चालत आले, आणि बसवंतरावांनी त्यांच्या जागेवर बसून त्यांच्या बोटीचा हँडल धरला. केवळाबाई मागं बसल्या. पदर खोचला, जॅकेट घट्ट केलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शेजारी त्या एवढ्या ऐटीत कधी बसल्या नव्हत्या, असं शेषेरावांना वाटून गेलं.

बोट सुटली. या वेळी ती पाण्यात घुसली नाही, पाण्यावर चढली. दोरी ताणली, आणि ईश्वरी उठली. सरळ, गुडघे किंचित वाकवून, उठली आणि चालायला लागली. काठावर टाळ्या पडल्या. ती लांब गेली, मोठं वळण घेऊन परत आली, काठाजवळून जाताना एक हात सोडून ओरडली. ती ओरडली, "अण्णा, अजून जोरात!"

शेषेरावांनीही टाळ्या वाजवल्या. पोर उठली याचा त्यांना आनंद झाला होता, खरा आनंद. पण तो आनंद आणि जळफळाट एकाच वेळी पोटात कसे मावतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चार फेऱ्या झाल्यावर ती काठाला आली. टॉवेल गुंडाळून, दात वाजवत, थेट त्यांच्याकडं आली आणि ओल्या अंगानं त्यांना बिलगली. "आबा, मी इथंच राहते," ती म्हणाली. "पूर्ण सुट्टी. पण अण्णापण राहिले तर. ते नसले तर चालवणार कोण?"

दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे असं आलं. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला आपल्या घरी आठ दिवस मुक्कामाला राहा म्हणून विनवायचं, तेही भावकीसमोर. असं त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. बसवंतराव दूर उभे राहून दोरीची वळकटी करत होते, ऐकूच आलं नाही असं दाखवत. शेषेरावांनी चेअरमनकडं पाहिलं, गुंडप्पाकडं पाहिलं, मग नातीच्या निळ्या ओठांकडं पाहिलं.

"इवाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुट्टी संपस्तोवर आता जाऊ नका. मी म्हणायलोय, ऱ्हावा."

बसवंतराव गडबडले. कपडे आणले नाहीत म्हणाले, लेकीच्या घरी इतके दिवस बरं दिसत नाही म्हणाले. शेवटी हो म्हणाले. ईश्वरीनं टाळी वाजवली आणि त्यांनाच विचारलं, "उद्या किती वाजता, अण्णा?"

"बोट आबांची हाय," बसवंतराव म्हणाले. "आबांला इचार."

हे ऐकून आपली छाती भरून यावी, असं शेषेरावांना वाटलं. ती आली नाही. हा वाळकुडा माणूस बोटीत पुढं होता तो होताच, आता चांगुलपणातही पुढं गेला, आणि त्यावर जळायला आणखी एक जागा झाली. सातला, ते कसंबसं म्हणाले.

दुपारी फराळाची ताटं आली. करंज्या, अनारसे, बेसनाचे लाडू, तुपाची धार. शेषेरावांनी आपल्या ताटाला बोटसुद्धा लावलं नाही. केवळाबाईंनी तब्येत बरी आहे का म्हणून विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि ताट उचलून बसवंतरावांच्या पुढं सरकवलं. तिथं आधीच एक भरलेलं ताट होतं. बसवंतराव नको नको म्हणू लागले. पण लेकीच्या सासऱ्याचा आग्रह, मोडता कसा येईल? शेषेरावांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात लाडू ठेवला, मग दुसरा ठेवला, त्यावर तूप सोडलं.

"खावा, इवाई," ते फार मायेनं म्हणाले. "लई बारीक हाव तुम्ही. सुट्टी संपस्तोवर मी सोडणार न्हाई."